नवी छाती आहे, पण हात लावलेला कळत नाही

हातमाग (वडगाव, बेळगाव)

डावा स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये पाठीचा स्नायू पुढं आणून नवीन करून दिला. त्याला वर्ष उलटून गेलं. किमो, रेडिएशन सगळं पार पडलं, गोळ्या चालू आहेत, रिपोर्ट चांगले येताहेत. तेव्हा 'लवकर बऱ्या व्हा' लिहू नका, बरी आहे मी.

विचारायचं वेगळंच आहे. आरशात नवी छाती दिसते, ब्लाउज नीट बसतो. पण तिथं हात ठेवला तर हाताला छाती कळते, छातीला हात कळत नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ कसा लागतो, तसं. काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूलाही तेच. आणि जिथं आता काहीच नाही, त्या बोंडाच्या जागी मधूनच खाज सुटते. खाजवायला जावं तर खाजवलेलंही कळत नाही! रात्री दोन वाजता हे सुरू झालं की हसावं का रडावं समजत नाही.

अजून एक. दार ओढलं, भरलेली बादली उचलली की छाती आपोआप आकसते. पहिल्यांदा झालं तेव्हा घाबरले. नंतर कळलं की त्या पाठीच्या स्नायूची नस बऱ्याचदा तशीच ठेवतात, म्हणून तो आपलं जुनं काम विसरत नाही.

ऑपरेशनआधी आकाराबद्दल सांगितलं, टाक्यांबद्दल, ड्रेनच्या नळीबद्दल, खर्चाबद्दल तर परत परत. सही केली तो फॉर्म इंग्रजी आणि कन्नडमध्ये. बाजारात कन्नड बोलून भाव पाडता येतो मला, पण फॉर्मातलं कन्नड म्हणजे वेगळंच प्रकरण. स्पर्श जाणार, हे कुणीतरी एका वाक्यात सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तरी मी हेच ऑपरेशन केलं असतं, पण माहीत असून केलं असतं.

कुणाला जाणीव परत आली का? किती, कुठे? डॉक्टरांना विचारलं तर "येईल हळूहळू" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात.

निपाणीकर_अक्का

ताई, धागा काढलासा बरं केलासा. माझं होऊन लई वर्षं झाली. नवीन छाती वगैरे काय केली नाही मी, सपाटच हाय. तरी बधिरपणा तुमच्यासारखाच. छातीच्या मधल्या हाडाकडची कडा आता लागती, वरची बाजू थोडी लागती, टाक्याच्या जवळचा पट्टा अजून नाही. काखेत तर नाहीच.

मी बिड्या वळतो. सूप मांडीवर, कोपर सारखं अंगाला घासतंय. सुरवातीला दंडाच्या आत अशी आग व्हायची की बाहीचं कापडसुद्धा नको वाटायचं. बोट लावलेलं कळत नाही आणि कापड घासलं की आग, दोन्ही एकाच जागी! सासू म्हणायची नाटकं करतीस. नाटकं न्हवं बायांनो.

एक सांगतो, पिनांकडं लक्ष ठेवा. पदराची पीन उघडून आत टोचत होती, मला पत्ताच नाही. ब्लाउजला रगात दिसलं तवा कळलं. आता त्या अंगाला पीनच लावत नाही.

शाणा_माणूस

सर्वप्रथम अभिनंदन, की जीव वाचला. या वयात त्या जागी संवेदना आहे की नाही याने काय फरक पडतो? देवाचे आभार माना आणि पुढे चला.

हातमाग

@शाणा_माणूस, आभार मानूनच धागा काढलाय. माझं वय तुम्हाला कुठून कळलं?

निपाणीकर_अक्का

ताई 😀😀

काकतीकर_वहिनी

माझ्या आत्याला गावच्या वैद्यांनी तिळाचं तेल कोमट करून चोळायला आणि वाळूची पुरचुंडी गरम करून शेकायला सांगितलं होतं. रक्त फिरलं की नसा जाग्या होतात म्हणाले. करून बघायला काय हरकत आहे? थंडी पण पडलीय.

फिजिओ_टिळकवाडी

शेकाचं वाचलं आणि जेवण अर्धं टाकून लिहायला बसले. वहिनी, राग मानू नका, पण शेक नको. पुरचुंडी नको, रबराची पिशवी नको, इलेक्ट्रिक पॅड नको. बर्फही नको.

चटका बसतोय हे आपल्याला आधी कातडी सांगते आणि आपण हात मागे घेतो. बधीर कातडी सांगतच नाही. शिवाय दुसरीकडून आणून बसवलेल्या कातडीत उष्णता वाहून नेणारी यंत्रणाही पूर्वीसारखी चालत नाही, म्हणून जी पिशवी पोटावर ठेवली तर नुसती ऊब वाटते, तीच तिथं फोड आणते. कॅन्सरमधून सुटलेल्या बाईला मग त्या फोडासाठी ड्रेसिंगला येत राहावं लागतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हे जास्त, कारण सकाळी बंबाचं कडक पाणी अंगावर घ्यायची सवय. आणि ज्यांना पॅक्लिटॅक्सेल किंवा त्या गटाची किमो झाली आहे त्यांची बोटंही बधीर असू शकतात. म्हणजे बोट बुडवून पाणी बघण्यात अर्थ नाही. ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या कोपरानं बघा, किंवा घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. फोडणी देताना, चुलीपुढे बसताना पदर त्या बाजूनं नीट घ्या. अक्कांचं पिनेचं बरोबर आहेच, त्यात मंगळसूत्र धरा. वाट्या रोज एकाच जागी घासतात, कातडी सोलवटते, आणि दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. आठवड्यातून काही वेळा तरी आरसा खाली धरून स्तनाची खालची बाजू बघायची. लाली, फोड, सूज, पाणी येणं, एका जागी गरम लागणं किंवा ताप असेल तर "दुखत नाहीये ना" म्हणून थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. ज्यांना सिलिकॉनचा इम्प्लांट (आत बसवलेली कृत्रिम पिशवी) आहे त्यांनी तर मुळीच थांबायचं नाही.

आता हातमागताईंचा मूळ प्रश्न. स्तनाच्या कातडीला जाणीव देणाऱ्या नसा बरगड्यांच्या मधून येतात, साधारण दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत. काही मधल्या हाडाजवळून पुढून, काही काखेच्या बाजूनं. बोंडाकडे मुख्यतः चौथीची बाजूची फांदी जाते, आणि ती स्तनाच्या आतूनच जाते. गाठीसकट सगळा स्तन काढायचा म्हटल्यावर ती कापली जातेच, यात सर्जनची हयगय नसते. काखेतल्या गाठी (कॅन्सरच्या नव्हे, लसिकेच्या, त्या सगळ्यांनाच असतात) काढताना दंडाच्या आतल्या बाजूची नस कापली जाते किंवा ताणली जाते. तुमचा दंड त्यामुळे. फक्त सेंटिनल गाठ (कॅन्सर पसरला तर आधी जिथं पोचतो ती काखेतली पहिली गाठ) तपासायला काढली असेल तर हा त्रास बराच कमी असतो.

नसा परत वाढतात, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर. तेही वाट मोकळी असेल तर. म्हणून जाणीव येते ती कडांकडून, तुकड्यातुकड्यानं, आणि बऱ्याच जणींमध्ये मधला भाग राहूनच जातो. पहिल्या एक-दोन वर्षांत जे यायचं त्यातलं बरंच येतं. पुढे बदल होतात, पण फार सावकाश. जे येतं ते पूर्वीसारखंच असेल असं नाही. दाब आधी कळतो, हलका स्पर्श उशिरा. थंड-गरम कुणाला कळतं, कुणाला नाही. मध्येच वीज चमकल्यासारखं होणं, मुंग्या येणं हेही असतं. त्याला घाबरायचं कारण नाही.

खाजेबद्दल. मेंदूत त्या बोंडाची जागा अजून शाबूत आहे, तिथून ती खाज येते. पाय कापलेल्या माणसाला अंगठा दुखतो, त्याच प्रकारचं. वेड लागलेलं नाही, कुणाला सांगायला लाजू नका.

हातमाग

इतकं सरळ आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. अक्कांना आग व्हायची तिचं काय? काही उपाय?

फिजिओ_टिळकवाडी

आहेत. ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त राहिलेली आग, ठणका, चमक हा ओळखीचा त्रास आहे आणि त्याच्यावर नसांची औषधं असतात: गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन. ही डॉक्टरांनी द्यायची, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणायची नाहीत. झोप येते, चक्कर येते, आणि तुमच्या कॅन्सरच्या गोळ्यांशी जमतात का हेही बघावं लागतं. ड्युलोक्सेटिन आणि टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची हार्मोनवरची गोळी) एकत्र देताना डॉक्टर विचार करतात, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी दाखवा.

घरी करायचं ते असं. जखम पूर्ण भरली की दिवसातून काही वेळा, चार-पाच मिनिटं, वेगवेगळं कापड फिरवायचं. आधी कापूस, मग रेशमी पदर (वडगाव-शहापूरवाल्यांना कमी नाही!), मग सुती पंचा, शेवटी खरखरीत टॉवेल. आधी जिथं नीट लागतं तिथं, मग हळूहळू बधीर किंवा आग होणाऱ्या भागावर. आरशात बघत करा, डोळ्यांनी दिसतंय आणि हातानं होतंय हे मेंदूला एकत्र मिळू द्या. नस यामुळे लवकर वाढते असं मी म्हणणार नाही. पण कापड सहन व्हायला लागतं आणि त्या भागाची भीती जाते, हे मी पेशंटमध्ये रोज बघते. तेल चोळायचं असेल तर साधं, थंड, हलक्या हातानं. वहिनी, तेवढं तुमचं घेतलं.

आणि खांदा हलवत राहा. हात वर जात नसेल, काखेतून कोपराकडे दोरीसारखी शीर ताणली जात असेल तर व्यायामानं सुटते. घाबरून हात पोटाशी धरून बसायचं नाही.

काकतीकर_वहिनी

बरं झालं लिहिलंत. आत्याला फोन करून पुरचुंडी बंद करायला सांगितली. ती म्हणते "मला तर बरं वाटायचं", आता काय बोलणार.

स्केलपेल_चिकोडी

गाव चिकोडी, सध्या बेंगळूरूत प्लास्टिक सर्जरी शिकतोय. फिजिओ मॅडमचं सगळं बरोबर. पुनर्रचनेच्या प्रकारांबद्दल थोडं घालतो, कारण 'नवीन छाती' म्हणजे एकच गोष्ट नाही.

इम्प्लांटमध्ये वरची कातडी तुमचीच असते, पण आतून नसा कापलेल्या आणि वरून ताणलेली. तिथं जाणीव साधारणपणे कमी परत येते. थंडीत इम्प्लांट आतून गार लागतो अशीही तक्रार असते. सिलिकॉन लवकर तापत नाही, दुसरं काही नाही. पोटाची किंवा पाठीची स्वतःची कातडी-चरबी वापरली तर खालून-बाजूनं नसा शिरायला वाव असतो, म्हणून जाणीव सरासरीनं बरी. पण जिथून घेतलं तिथंही बधीर पट्टा राहतो, पोटाच्या ऑपरेशनमध्ये टाका आणि बेंबी यांच्यामध्ये. हेही आधी सांगायला हवं आणि सांगितलं जात नाही.

बोंड राखून स्तन काढता येतो, गाठ कुठे आहे त्यावर ठरतं. बोंड दिसायला राहतं, बहुतेकींना जाणीव मात्र फारशी राहत नाही. नंतर कातडीचं बनवलेलं बोंड किंवा थ्रीडी टॅटू, दोन्ही डोळ्यांसाठी.

आता काही ठिकाणी पोटाच्या कातडीची नस छातीच्या बरगडीमधल्या नसेला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. जाणीव लवकर आणि जास्त येण्याची शक्यता वाढते, खात्री नाही. कामसुखाची पूर्वीची जाणीव परत मिळेल असं तर कुणी कबूल करू नये. हे पुनर्रचनेच्या वेळीच करायचं काम आहे आणि सगळीकडे होत नाही. पण विचारल्याशिवाय कुणी सांगणारही नाही.

एक_नवरा

नाव लिहीत नाही. माझ्या मिसेसचं ऑपरेशन गेल्या पावसाळ्यात झालं. ती आता जवळ येऊ देत नाही. मी कधी चुकून हात लावला तर हात बाजूला करते, बोलत नाही. मला वाटायचं दुखतं म्हणून. इथं वाचून वाटतंय की कदाचित काहीच लागत नाही म्हणून. कसं विचारायचं कळत नाही. घरात आई आहे, दोन खोल्या आहेत.

हातमाग

दादा, तुम्ही लिहिलंत हे मोठं काम केलंत. मी माझं सांगते, तुमच्या घरी तसंच असेल असं नाही. मला दुखत नव्हतं. पण ह्यांचा हात तिथं दिसतोय आणि अंगाला काही कळत नाही, हे बघितलं की पोटात गोळा यायचा. परक्या बाईला हात लावताहेत असं वाटायचं. आणि हे दर वेळी "कळतंय का? आता कळतंय का?" विचारायचे. परीक्षा घेतल्यासारखं. शेवटी मी चिडून सांगितलं, विचारू नका, जिथं कळतं तिथं लावा. मान आहे, पाठ आहे, उजवी बाजू आहे. तेव्हापासून घरात जरा बरं आहे.

झोपायच्या वेळी विचारू नका. कुठेतरी बाहेर, गाडीवर जाताना विचारा. तोंड दिसत नाही तेव्हा बोलता येतं.

निपाणीकर_अक्का

दादा, ती नको म्हणती म्हणजे तुमचा राग न्हाई. आमच्या ह्यांनी तर टाका बघितलाच नाही कधी, मीच दाखवला नाही. आता ते नाहीत. दाखवायला पायजे होता असं वाटतंय. तुम्ही बघतो म्हणा एकदा, ती नको म्हणाली तर नको.

फिजिओ_टिळकवाडी

दादा, एक वैद्यकीय बाजू. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल (तीही हार्मोनवरचीच गोळी) चालू असेल तर योनी कोरडी पडते आणि संबंध दुखतात. बायका हे नवऱ्याला सांगत नाहीत, डॉक्टरांना तर नाहीच, आणि सगळं खापर छातीवर फोडलं जातं. पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती चालते. हार्मोनची क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ओपीडीत दोघांनी मिळून जा.

एक_नवरा

गोळी चालू आहे. लेट्रोझोल. थँक्यू.

मलप्रभेकाठी

खानापूरहून लिहितेय. आईचं ऑपरेशन व्हायचं आहे. एक डॉक्टर म्हणतात लगेच पुनर्रचना करा, दुसरे म्हणतात रेडिएशन संपल्यावर बघू. कोण म्हणतं बेळगाव, कोण मिरज, कोण कोल्हापूर. मामा म्हणतात महात्मा फुले आरोग्य योजनेत बसवू, सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं लागू केली आहे ना. २०२४ साली त्यावरून दोन्ही सरकारांचं वाजलं तेव्हाची कात्रणं मामांकडे आहेत, आणि आईची फाईल कर्नाटकाच्या आयुष्मान योजनेखाली सुरू झालीय. ते एक आम्ही निस्तरू. मला विचारायचंय ते हे, की आईनं नेमकं काय विचारावं? ती डॉक्टरांपुढे गेली की नुसती मान हलवते.

स्केलपेल_चिकोडी

रेडिएशन होणार हे नक्की असेल तर थांबायला सांगणारे डॉक्टर चुकीचे नाहीत. किरणांनी कातडी घट्ट होते, इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळतं, जाणीवही अजून कमी होऊ शकते. लगेच करा म्हणणाऱ्यांचीही बाजू असते, ती त्यांच्याकडून समजून घ्या. योजनेच्या पॅकेजमध्ये नुसतं स्तन काढणं आहे की पुनर्रचनाही, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) आधी विचारा.

आईनं विचारायचं असं: काखेतल्या सगळ्या गाठी काढणार की सेंटिनल? दंडाची नस वाचवता येईल का? पूर्ण स्तन काढायलाच हवा का, की गाठ आणि आजूबाजूचा भाग काढून रेडिएशन देऊन भागेल? हा शेवटचा प्रश्न खरं तर पहिला. स्तन वाचला तर जाणीवही बरीचशी वाचते, आणि गाठ लहान असेल तर जगण्याच्या दृष्टीनं तो मार्ग कमी नाही, हे बऱ्याच वर्षांपूर्वी सिद्ध झालंय. तरी आपल्याकडे "सगळं काढून टाका, ब्याद नको" असं घरचेच ठरवून येतात.

हातमाग

आणि फॉर्म मराठीत नसेल तर वाचून दाखवा म्हणावं. सही करायच्या आदल्या दिवशी, स्ट्रेचरवर नव्हे. तू बरोबर जा. कागदावर प्रश्न मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दे, तिलाच वाचू दे.

निपाणीकर_अक्का

आईला सांग, नवीन छाती केली नाही तरी चालतंय. केली तरी चालतंय. मी कापडाची शिवून आत घालतो, वजनाला मूठभर मोहरी. मोहरीची पिशवी धुताना काढायची, न्हाईतर मोड येतात, सांगून ठेवतो.

काकतीकर_वहिनी

मोड 😀 अक्का, तुम्ही वेगळा धागा काढाच.

मलप्रभेकाठी

अपडेट देते. आई कागद घेऊन गेली आणि खरंच वाचून दाखवला. पूर्ण स्तन काढावा लागणार आहे, दोन ठिकाणी गाठी आहेत. काखेत आधी सेंटिनल तपासणार, तिथं काही सापडलं तरच पुढचं. दंडाची नस शक्य असेल तर ठेवू म्हणाले. नस जोडायचं ऑपरेशन त्यांच्याकडे होत नाही, हे स्पष्ट सांगितलं, मला ते आवडलं. पुनर्रचना आईनं सध्या नको म्हटलंय. "लागणारच नसेल तर एवढी चिरफाड कशाला, भात कापायच्या आत हात मोकळा झाला पाहिजे." डॉक्टर म्हणाले नंतर कधीही करता येतं, दार बंद होत नाही.

बाबांनी घरातली रबराची गरम पाण्याची पिशवी काढून शेजाऱ्यांना देऊन टाकली. आई म्हणते, माझे गुडघे पण दुखतात, त्यांचं काय?

फिजिओ_टिळकवाडी

गुडघ्यांना शेक चालेल! पिशवी परत आणा.

हातमाग

ॲडमिन, शिंप्यांबद्दल आणि आत घालायच्या पॅडबद्दल अक्कांच्या नावानं वेगळा धागा उघडाल का? शहापूरमध्ये पुढून हूक लावून, एका बाजूला आतून कप्पा ठेवून ब्लाउज शिवणारी एक बाई मला माहीत आहे. तिला विचारून पत्ता तिकडे टाकते.